पक्षीही सॉफ्ट, तारेही लांबट : चूक लेन्सची की सेटिंगची?

(चर्चामंचावरची प्रश्नोत्तरं; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाणकावळा

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (३५ मिमी फिल्मपेक्षा दीडपट लहान सेन्सरचा) मिररलेस. लेन्स दोनच : १८-५५ मिमी (एफ/३.५-५.६; एफचा आकडा लहान तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, मोठं) आणि ७०-३०० (एफ/४.५-६.३). ट्रायपॉड मध्यम वजनाचा, बरा आहे. छंद दोन, पक्षी-प्राणी आणि रात्रीचं आकाश. दोन्हीकडे निकाल यथातथाच.

दिवसा : ३०० मिमी, एफ/६.३, १/५०० सेकंद, आयएसओ (फोटो उजळवण्याची पातळी) ४००. कॅमेरा हातात, स्टॅबिलायझेशन चालू. ८ ते १० मीटरवर झुडपात बसलेले छोटे पक्षी. दहातले सात-आठ फोटो सॉफ्ट. १०० टक्के मोठा करून पाहिला की पिसं सुटी दिसत नाहीत, रंग फासल्यासारखा दिसतो.

रात्री : १८ मिमी, एफ/३.५, २५ सेकंद, आयएसओ ८००, ट्रायपॉडवर. फोकस रिंग अनंताकडे फिरवून ठेवलेली. तारे टिंबासारखे न येता फुगीर आणि लांबट येतात. फोटो काळपट असतो, उजळायला गेलं की लाल-हिरवे कण वर येतात. आणि दीड-दोन तासांनंतरचे सगळे फोटो धुरकट.

प्रश्न असे :
१. पक्षी सॉफ्ट येण्यात लेन्सचा दोष किती आणि हाताचा किती, हे ओळखायचं कसं?
२. ताऱ्यांसाठी जास्तीत जास्त किती सेकंद?
३. पुढची लेन्स एकच घेता येणार आहे. १५०-६०० घ्यावी की आकाशासाठी वाइड?

रातवा

दिवसाचं मी सांगतो, रात्रीचं इथले आकाशवाले सांगतीलच. पण आधी एक : तुमच्या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी आयएसओची भीती दिसते. दिवसा ४००, रात्री ८००. आयएसओ वाढू नये म्हणून दोन्हीकडे शटर जास्त वेळ उघडं राहिलंय. नॉइज (फोटोतले कण) घरी बसून सॉफ्टवेअरने बराच काढता येतो. हललेल्या फोटोला मात्र औषध नाही.

३०० मिमी एपीएस-सीवर म्हणजे ४५० मिमीएवढा दृश्यकोन. एक भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) हा जुना नियम लावला तर १/५०० पुरेसं वाटतं, पण तो नियम फक्त हाताच्या कंपनाचा आहे आणि तोही लहान प्रिंटसाठी बेतलेला. २४ मेगापिक्सेल १०० टक्क्याला पाहायचे असतील तर दुप्पट वेग धरा. शिवाय स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याची मान नाही. छोटा पक्षी फांदीवर शांत बसलेला दिसतो, पण त्याचं डोकं सारखं झटके घेत असतं.

साधारण असं ठेवा. बसलेला छोटा पक्षी १/१०००, चुळबुळ्या असेल तर १/१६००. उडणारे मोठे पक्षी १/२०००, लहान आणि चपळ असतील तर १/३२००. चालणारा सस्तन प्राणी १/५००, धावणारा १/१६००. तुमच्याच फोटोत १/५०० चं १/१६०० केलं तर आयएसओ ४०० वरून साधारण १२५० वर जाईल. आजच्या कुठल्याही कॅमेऱ्याला त्याने काही होत नाही.

मोड मॅन्युअल ठेवा, शटर आणि अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, आयएसओ ऑटो सोडायचा आणि वरची मर्यादा ६४०० घालायची. उजेड-सावली बदलली तरी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करण्याच्या) चाकाने भागतं. बगळ्यासारखा पांढरा पक्षी काळसर पार्श्वभूमीवर असेल तर उणे ०.७ ते १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), नाहीतर पिसं जळतात. कोतवालासारखा काळा पक्षी असेल तर अधिक ०.७. पांढरट आकाशासमोर उडणारा असेल तर अधिक १ ते १.७, नाहीतर काळी आकृतीच मिळते.

आता पहिला प्रश्न. नुसतं ‘सॉफ्ट’ म्हणून निदान होत नाही. फोटो १०० टक्क्याला उघडा आणि पक्षी सोडून बाकीचं बघा.

पक्षी सॉफ्ट, पण त्याच्या पुढची काडी किंवा मागचं पान कडक (रेखीव) : फोकस चुकला. ३०० मिमी, एफ/६.३ ला १० मीटरवर फोकसची पट्टी जेमतेम २६ सेंटिमीटरची असते, ५ मीटरवर ६ ते ७ सेंटिमीटरची. झुडपात हे हमखास होतं, कारण कॅमेरा जवळची काडी पकडतो. उपाय : कंटिन्युअस ऑटोफोकस, सगळ्यात लहान फोकस पॉइंट, आणि डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती माणसावरून ‘पक्षी’ वर बदललेली. तरीही काडीच पकडत असेल तर रिंग हाताने थोडी मागे नेऊन पुन्हा अर्धं बटण दाबायचं.

चित्रातलं सगळंच एका दिशेला दुहेरी, चमकणारे ठिपके रेघेसारखे : कॅमेरा हलला. फांदी कडक आणि फक्त डोकं किंवा पंख पुसट : पक्षी हलला. दोन्हींवर शटरचा वेग हाच उपाय.

रेघ नाही, दुहेरीपणा नाही, पण सगळं वितळल्यासारखं, आणि लागोपाठच्या दहा फोटोंत कडा दरवेळी वेगळ्या वाकलेल्या : ही तापलेल्या हवेची थरथर. हिला कुठलीच लेन्स, कितीही महाग, दाद देत नाही. ऊन चढल्यावर मोकळ्या मैदानावरून किंवा पाण्यावरून दूरचा फोटो घ्या, ही येणारच. गाडीतून फोटो काढताना काचेशी गरम आणि गार हवा मिसळते तेव्हाही येते, म्हणून काचा उघडून आतली आणि बाहेरची हवा एक होऊ द्यायची, इंजिन बंद ठेवायचं. बाकी उपाय दोनच, सकाळ गाठणे आणि अंतर कमी करणे.

हे तिन्ही नसेल, तरच लेन्सकडे संशयाने बघा. चाचणी सोपी आहे. बारीक छापील मजकुराचा कागद सावलीत भिंतीला लावा, १० मीटरवर ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. ३०० मिमीला एफ/६.३ आणि एफ/८, मग २५० मिमीला तसेच दोन. प्रत्येकी तीन फोटो, दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा घेतलेला. बऱ्याच ७०-३०० लेन्स शेवटच्या टोकाला पूर्ण उघड्या असताना थोड्या ढिल्या असतात आणि एफ/८ ला सावरतात. समोर यूव्ही फिल्टर असेल तर एकदा काढूनही बघा. स्वस्त काच टेलिफोटोवर फार नुकसान करते, आणि माणसं बिचाऱ्या लेन्सला बोल लावत बसतात.

ध्रुवमत्स्य

रातवा यांच्या आयएसओच्या मुद्द्याला +१. रात्री तर तो जास्तच लागू.

पृथ्वी फिरते म्हणून खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ कोनीय सेकंद सरकतो. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा. १८ मिमी लेन्सवर तो आकाशाचे ४५ कोनीय सेकंद व्यापतो. म्हणजे तारा दर ३ सेकंदांनी एक पिक्सेल ओलांडतो. २५ सेकंदांत आठ पिक्सेल. लांबट तारे इथून आले.

सगळीकडे सांगितला जाणारा ‘५०० चा नियम’ म्हणजे ५०० भागिले ३५ मिमीशी समतुल्य फोकल लेंग्थ. तुमच्यासाठी ५०० ÷ २७ = १८ सेकंद. हा नियम फिल्मच्या काळातला, आताच्या बारीक पिक्सेलना फार सैल. त्याऐवजी एनपीएफ (अ‍ॅपर्चर, पिक्सेल आणि फोकल लेंग्थ तिन्ही धरणारं सूत्र) वापरा :

(३५ × एफ क्रमांक + ३० × पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये) ÷ खरी फोकल लेंग्थ

(३५ × ३.५ + ३० × ३.९) ÷ १८ = साधारण १३ सेकंद. क्रॉपचा (लहान सेन्सरचा) १.५ हा गुणक इथे घालायचा नाही, पिक्सेलच्या आकारात तो आलेलाच आहे. हेच सूत्र ७०-३०० ला लावलं तर ७० मिमी, एफ/४.५ ला जेमतेम ४ सेकंद, आणि ३०० मिमी, एफ/६.३ ला १ सेकंद. ट्रॅकरशिवाय (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राशिवाय) मोठ्या लेन्सने तेजोमेघ का येत नाहीत ते यात आलं. ध्रुवाकडे कॅमेरा असेल तर तारे हळू सरकतात, तिथे थोडी सवलत घ्यायला हरकत नाही.

तर १८ मिमी, एफ/३.५, १३ सेकंद, आयएसओ ३२००. तुमच्या जुन्या सेटिंगपेक्षा फोटो दुप्पट उजळ दिसेल. पण वेळ निम्मा झाल्यामुळे सेन्सरवर पडलेला प्रकाश निम्माच आहे, हे विसरू नका. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आड भरायचा रस्ता म्हणजे स्टॅकिंग. त्याच चौकटीचे १६ फोटो लागोपाठ घ्यायचे आणि सॉफ्टवेअरने तारे जुळवून त्यांची सरासरी काढायची. नॉइज फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने उतरतो : १६ फोटोंना चौथा हिस्सा, ६४ ना आठवा. म्हणून पहिल्या १६ मध्ये फरक डोळ्यात भरतो, पुढे मेहनत जास्त आणि फळ कमी. विंडोजवर ‘सिक्वेटर’ फुकट आहे, आकाश फिरवून जमीन जागेवर ठेवतो. पुढे शिकायचं तर ‘सिरिल’, तेही फुकट.

१६ फोटो झाले की लगेच झाकण लावून त्याच आयएसओला, त्याच १३ सेकंदांना १० काळे फोटो घ्या. कॅमेरा तेवढाच गरम असताना घ्यायचे, घरी येऊन नव्हे. सेन्सरचे तापलेले पिक्सेल, म्हणजे तुमचे ते लाल-हिरवे ठिपके, त्यावरून वजा होतात. कॅमेऱ्यातलं ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा, ते हेच काम प्रत्येक फोटोमागे करतं आणि अर्धी रात्र खातं.

फोकस. रिंग अनंताकडे फिरवून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. ऑटोफोकसला मागे-पुढे जायला आणि तापमानातल्या बदलाला जागा हवी म्हणून लेन्स अनंताच्याही पुढे जाते. शेवटापर्यंत फिरवली की फोकस पलीकडे गेला आणि तारे फुगले. असं करा :

मॅन्युअल फोकस, स्टॅबिलायझेशन बंद, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, लाइव्ह व्ह्यूला (पडद्यावरच्या थेट चित्राला) आयएसओ वाढवलेला. व्याध, अभिजित किंवा स्वाती, जो ठळक तारा दिसत असेल तो चौकटीच्या मध्यापासून थोडा बाजूला घ्या आणि पडदा दहापट मोठा करा. रिंग हळूहळू फिरवत तारा लहान होत जाताना बघा, पुन्हा मोठा व्हायला लागला की तेवढंच मागे या. अचूक जागी आलात की मोठ्या ताऱ्याच्या आजूबाजूला आधी न दिसलेले बारके तारे उमटतात. खूण तीच. तारा पडद्यावर दिसतच नसेल तर १०० मीटरहून लांबच्या दिव्यावर ऑटोफोकस करून मग मॅन्युअलवर टाका, १८ मिमीला तेवढं अंतर अनंतासारखंच.

एक फसगत : किट लेन्सची रिंग बहुधा विजेवर चालते, तिला टोक नसतं आणि चिकटपट्टी लावूनही उपयोग नसतो. कॅमेरा बंद करून चालू केला की बऱ्याच मॉडेलांत फोकस मूळ जागी जातो. फोकसनंतर कॅमेरा बंद करायचा नाही, आपोआप झोपण्याची वेळ वाढवून ठेवायची. गारठा वाढला की फोकस सरकतो, तासाभराने पुन्हा तपासा.

रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मध्येच काढा, दोन्ही छंदांसाठी. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास एकच ठेवा, म्हणजे फोटो एकमेकांशी जुळतात. पडद्यावरच्या उजेडावर विश्वास नको, अंधारात काळा फोटोही झकास दिसतो. हिस्टोग्रामचा (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा उजेडाचा आलेख) डोंगर डाव्या कडेपासून सुटलेला, रुंदीच्या पाव ते एक तृतीयांशावर असला पाहिजे. कडेला चिकटलेला असेल तर एक्स्पोजर कमी आहे.

चंद्राचं गणित फोटोच्या आधी. अमावास्येच्या आगेमागे चार दिवस धरा. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावरच आकाश पूर्ण काळं होतं. आकाशगंगेचा गाभा धनू राशीत आहे, वृश्चिकाच्या नांगीच्या डावीकडे (दक्षिण गोलार्धात चित्र उलटं). मार्चमध्ये तो पहाटे दिसतो, जून-जुलैत जवळजवळ रात्रभर, ऑक्टोबरात संध्याकाळीच मावळतीला. डिसेंबरात तो सूर्यामागे असतो, त्या दिवसांत मृग आणि कृत्तिकांकडे वळायचं.

खंड्या

रातवांनी सेटिंग सांगितली, मी जागेचं सांगतो. पक्षी वाऱ्याला तोंड करून उतरतात आणि वाऱ्याला तोंड करूनच उडतात. वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा धरली की पक्षी आपल्याकडे तोंड करून उतरतो आणि डोळ्यात चमकही येते. वारा समोरून असेल तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळतात.

उडण्याआधीची लक्षणं : अंग आखडून पुढे झुकणं, पाय किंचित दुमडणं, आणि बऱ्याचदा शिटणं. ते दिसलं की बटण दाबायचं, पंख उघडल्यावर नाही. बर्स्ट (एका दाबात लागोपाठ फोटो) ३ ते ५ फोटोंचा. साध्या कॅमेऱ्यांत रॉचा बफर (कार्डावर लिहिण्याआधीची तात्पुरती साठवण) बघता बघता भरतो आणि नेमका पक्षी उडताना कॅमेरा कार्डावर लिहीत बसतो. कार्ड निदान व्ही३० (लिहिण्याच्या वेगाचा दर्जा) घ्या.

एका बाबतीत रातवांशी मतभेद. एफ/८ ला लेन्स कडक होते हे खरं, पण पहाटेच्या उजेडात तो दोन तृतीयांश स्टॉप अ‍ॅपर्चरला देण्यापेक्षा शटरला द्यावा. एफ/८ उन्हात.

आणि लक्षणं अजून एका कारणासाठी बघायची. पक्षी खायचा थांबला, मान उंच करून तुमच्याकडे बघायला लागला, एकसारखा धोक्याचा आवाज काढायला लागला, म्हणजे तुम्ही जास्त जवळ आलात. थांबायचं नाही, मागे सरकायचं. घरट्याजवळ तर जाऊच नये : आई-बाप दूर राहिले की उघड्या पिल्लांना ऊन किंवा गारठा तेवढ्या वेळातही मारतो, आणि आपण वाकवलेल्या फांदीमुळे शिकाऱ्याला घरटं दिसतं. रेकॉर्ड केलेली साद वाजवून बोलावणं नको, घुबड-रातव्यांच्या डोळ्यात टॉर्च किंवा फ्लॅश नको. फोटो टाकताना त्यातलं जीपीएस पुसा.

पाणकावळा

सगळ्यांचे आभार. कागदाची चाचणी केली. ३०० ला एफ/६.३ वर अक्षरांच्या कडा थोड्या मऊ, एफ/८ ला स्वच्छ. २५० ला दोन्ही स्वच्छ. यूव्ही फिल्टर काढल्यावर फरक डोळ्यांना दिसण्याइतका पडला. जुने फोटो पुन्हा तपासले, निम्म्यांत पुढची काडी कडक आहे.

दोन गोष्टी राहिल्या : दीड तासानंतरचा धुरकटपणा, आणि लेन्स कोणती.

ध्रुवमत्स्य

धुरकटपणा म्हणजे दव. उघड्या आकाशाखाली काच आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. हवेच्या दवबिंदूखाली गेली की तिच्यावर थर धरतो. सुरुवातीला कळतही नाही, नुसते ताऱ्यांभोवती वलय दिसतात. पुसू नका, पुसलं की पाण्याचे ओघळ होतात आणि पाच मिनिटांत पुन्हा थर.

लेन्सला गुंडाळायची ५ व्होल्टची हीटर पट्टी मिळते, यूएसबीवर चालते. ती पुढच्या काचेच्या कड्याजवळ बांधायची, फोकस रिंगवर नाही. महत्त्वाचं म्हणजे ती सुरुवातीपासून लावायची, थर आल्यावर नाही. हिशोब : १०००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास, नुकसान धरून ३० मिळतात. ५ वॉटची पट्टी सहा तास चालेल. कॅमेऱ्यालाही त्याच बँकेवर घेतलं तर वेळ कमी होईल. हूड लावलेला ठेवा, तोही दव थोडं लांबवतो. परत आल्यावर कॅमेरा घरातल्या दमट हवेत लगेच उघडू नका, बॅग बंदच ठेवून त्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

तारकारेषांचे (तारे फिरल्याच्या लांब रेषांचे) फोटो घेणार असाल तर एक खोच सांगून ठेवतो. कॅमेऱ्यावर लिहिलेले ३० सेकंद प्रत्यक्षात बहुधा ३२ असतात, १५ चे १६. शटरचे सगळे टप्पे दुपटीने जातात, लिहिताना आकडे गोल केलेत. बऱ्याच कॅमेऱ्यांत इंटरव्हल हा एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत मोजतात. तिथे ३० किंवा ३१ टाकले तर एकाआड एक फोटो गळतो आणि रेषा तुटक येतात. ३३ ठेवा. तास-दीड तास घेतलात तर रेषा तासाला १५ अंशांनी वाढते.

रातवा

लेन्सबद्दल. ६०० मिमी, एफ/६.३ मध्ये तुमच्या ३०० मिमी, एफ/६.३ पेक्षा चित्र उजळ होत नाही, हे आधी लक्षात घ्या. पक्षी मात्र दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद, म्हणजे चौपट पिक्सेल व्यापतो. त्याच वेळी १० मीटरवरची फोकसची पट्टी २६ वरून साडेसहा सेंटिमीटरवर येते, हात दुप्पट हलतो आणि दूरच्या हवेची थरथर जास्त दिसते. ज्याचा १/५०० ला ३०० मिमी सांभाळला जात नाही, त्याला ६०० हातात दिली तर आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास.

उलट आकाशाच्या लेन्सला ऑटोफोकस लागत नाही. त्यामुळे १२ मिमी एफ/२ किंवा १४ मिमी एफ/२.८ अशी मॅन्युअल, शक्यतो वापरलेली, टेलिफोटोच्या मानाने बरीच स्वस्त पडते. एफ/३.५ वरून एफ/२ म्हणजे तिप्पट प्रकाश. माझं मत : आत्ता ती घ्या, ७०-३०० वर एक मोसम १/१६०० ने काढा, मग टेलिफोटो.

घेताना ताऱ्यांवरच तपासा. चौकटीच्या चारही कोपऱ्यांत एक ठळक तारा ठेवून फोटो घ्यायचा. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला कोपऱ्यातले तारे पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे दिसतात, त्याला कोमा म्हणतात. (पक्षी काढणाऱ्यांनी खूश होऊ नये.) चारही कोपऱ्यांत सारखाच असेल आणि एक स्टॉप बंद केल्यावर आवरत असेल तर चालेल. एकाच बाजूला जास्त असेल तर आतलं भिंग तिरकं बसलंय, ती लेन्स सोडा.

पाणकावळा

ठरलं, वाइड घेतो. शेवटचा प्रश्न, दोन्ही छंद एका चौकटीत : पूर्ण चंद्रासमोरून उडणारा पक्षी. ७०-३०० वर जमेल का?

ध्रुवमत्स्य

जमेल, पण पक्षी लांब हवा. ३०० मिमीला तुमच्या सेन्सरवर चंद्र साधारण ६७० पिक्सेल रुंद येतो. चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून १ मीटर पंखविस्ताराचा पक्षी ११० मीटरवर असेल तेव्हा चंद्राएवढा दिसतो, ३०० मीटरवर असेल तर चंद्राच्या तिसऱ्या हिश्शाएवढा.

अडचण फोकसची. एफ/८ ला १०० मीटरवरच्या पक्ष्यावर फोकस केला तर चंद्राची कड २८-२९ पिक्सेल पसरते, पक्षी ३०० मीटरवर असेल तर दहाच्या आत. म्हणून फोकस चंद्रावर करून मॅन्युअलला टाका आणि लांबून रांगेने जाणारे बगळे, करकोचे, हंस यांच्यासारखे मोठे पक्षी धरा. रात्रथाऱ्याकडे जाण्याची त्यांची वाट आणि वेळ रोज जवळपास तीच असते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, तीच वेळ. दुसऱ्या दिवशी तो सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, तोवर पक्षी झोपलेले असतात. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळीही जमतं, तेव्हा आकाशात थोडा उजेड उरलेला असतो आणि काळी आकृती जास्त उठून दिसते.

एक्स्पोजर चंद्रावर ठरवायचं. उंचावरच्या पूर्ण चंद्राला एफ/११ असताना शटर एक भागिले आयएसओ, त्या हिशोबाने एफ/८ ला आयएसओ ८००, १/१६००. क्षितिजाजवळ हवेचा जाड थर एक-दोन स्टॉप खातो, तिथे आयएसओ १६०० ते ३२००. शटर १/१००० च्या खाली नको. चंद्र सेकंदाला पाच-सहा पिक्सेल सरकतो, दोनेक मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा. ट्रायपॉड एकदा लावून विसरता येत नाही, दर मिनिटाला चौकट सरकवावी लागते.